पत्र्याचा ट्रक कोणी बनवला?

जुन्या पत्र्याच्या डब्यांपासून हाताने बनवलेले ट्रक, जीप, बस यांना हल्ली 'विंटेज' म्हणून मान आहे. एखाद्याने सुट्टीत बसून, छंद म्हणून, भंगारातल्या पत्र्याचा जुन्या धाटणीचा ट्रक बनवला की लोक त्याला कलावंत म्हणतात. म्हणू द्या, काम कौशल्याचंच आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. तोच डबा कचराकुंडीतून वेचून काढणारी बाई त्याच घराच्या दारात आली, तर तिला पाणी कुठल्या पेल्यातून मिळतं?

पत्रा एकच, हात दोन. एका हाताला कलावंताचा, दुसऱ्याला घाणीचा. हा फरक कुठून येतो हे समजून घ्यायचं तर खेळण्यांच्या इतिहासातली एक गाजलेली गोष्ट तपासली पाहिजे. ती जपानची आहे, पण वाचताना आपलीच वाटेल.

जपानमध्ये पत्र्याच्या खेळण्यांचा धंदा युद्धाआधीपासून मोठा होता. १९३८ साली सरकारने देशातल्या विक्रीसाठी धातूची खेळणी बनवण्यावर बंदी घातली, कारण धातू युद्धाला हवा होता. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला. शहरं जळालेली, अन्नाची टंचाई, आणि रस्त्यावर अमेरिकन सैन्याच्या जीप. क्योतोजवळ बिवा सरोवराच्या काठी ओत्सू नावाचं शहर आहे. तोक्योचे खेळणी कारागीर कोसुगे मात्सुझो युद्धकाळात तिथे आले होते. त्यांच्या हातात कसब होतं, पण पत्रा नव्हता. पत्रा अमेरिकन छावणीच्या उकिरड्यावर होता, रिकाम्या डब्यांच्या रूपात. कोसुगेंनी रस्त्यात उभ्या जीपची मापं अंग पुसायच्या पंचाने घेतली असं सांगितलं जातं. डिसेंबर १९४५ मध्ये त्यांची पत्र्याची छोटी जीप क्योतोच्या मारुबुत्सु या मोठ्या दुकानात विक्रीला आली. किंमत १० येन. लोकांनी रांगा लावल्या.

असं खेळणं बनतं कसं, हेही नीट पाहू, कारण वादाचा मुद्दा त्यातच आहे. आधी डब्याची दोन्ही झाकणं कापायची, शिवणीवरून डबा उभा चिरायचा, धुऊन लाकडी हातोडीने पत्रा सपाट करायचा. कागदी नमुना ठेवून रेघा ओढायच्या आणि पत्रा कात्रीने कापायचं. जीप काय किंवा जुना ट्रक काय, त्याचं अंग सरळ पट्ट्यांचं असतं, म्हणून ते हाताने दुमडता येतं. गोलाईदार मोटारीला साचा आणि दाबयंत्र लागतं. कडेला छोटे कान ठेवायचे, समोरच्या खाचेत घालून मुडपायचे. पोराचं बोट कापू नये म्हणून धार आत दुमडायची. जिथे जोड हलतो तिथे डाख द्यायचा. तारेचा आस, झाकणाची चाकं, वरून रंग.

या सगळ्याच्या आधीची एक पायरी मात्र कुणी मोजत नाही. पत्रा ओळखणं. खाद्यपदार्थांचा कथिल चढवलेला पोलादी डबा लोहचुंबकाला चिकटतो, डाखही चांगला धरतो. ॲल्युमिनियम, ज्याला आपल्याकडे जर्मन म्हणतात, ते चुंबकाला चिकटत नाही आणि साधा डाखही धरत नाही. गंजलेला पत्रा दुमडताना तडकतो. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही, रोज शेकडो डबे हाताखालून गेल्यावर येतं. म्हणजे ट्रक बनवण्याचं काम उकिरड्यावरच सुरू झालेलं असतं.

आता जपानकडे परत. तिथे चिंध्या, कागद, मोडका धातू गोळा करणं हे काम कोणाच्या वाट्याला होतं? शहरांतल्या गरिबांच्या, आणि त्यातही मोठ्या प्रमाणात बुराकू वस्त्यांतल्या माणसांच्या व कोरियन स्थलांतरितांच्या. बुराकू म्हणजे मेलेली जनावरं, कातडी, मांस यांच्याशी संबंधित कामांमुळे पिढ्यानपिढ्या अस्पृश्य ठरवलेले जपानी. रंग तोच, भाषा तीच, तरी वस्ती वेगळी आणि लग्नं वेगळी. १८७१ च्या फर्मानाने त्यांचा हीन दर्जा कागदावर रद्द झाला, पण समाजाच्या डोक्यातून गेला नाही. बौद्ध देश म्हणून आपण जपानकडे आदराने पाहतो. तिथल्या काही विहारांनी बुराकू मृतांच्या स्मृतिशिळांवरही अपमानकारक नावं कोरली होती, हेही आपल्याला माहीत असायला हवं. नुसतं बुद्धाचं नाव घेतल्याने भेद मरत नाही.

ज्या क्योतोत ती जीप विकली गेली, त्याच क्योतोत ३ मार्च १९२२ रोजी बुराकू लोकांनी 'सुइहेइशा' ही समतेची संघटना उभी केली होती. महाडच्या पाच वर्षं आधी. आपल्या माणूसपणासाठी दुसऱ्याची दया नको, हा त्यांचा बाणा होता.

खेळण्यांच्या इतिहासात मात्र कारागिराचं नाव आहे, दुकानाचं नाव आहे, किंमतही आहे. डबे वेचणाऱ्याचं नाव नाही. १९४७ मध्ये जपानी खेळण्यांची निर्यात पुन्हा सुरू झाली, त्यांवर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असा शिक्का असे. व्यापलेल्या देशाचं नाव खेळण्यावर छापलं गेलं, वेचणाऱ्या हाताचं नाही. टाकाऊ डब्यांपासून बनलेल्या अशा खेळण्यांत आतल्या बाजूला कधीकधी जुन्या डब्याची छपाई दिसते. बाहेर चकचकीत रंग, आत खरा जन्म. इतिहासही असाच उलटा करून पाहावा लागतो.

इथे कुणी म्हणेल, यात जातीचा काय संबंध? ज्याने बनवलं त्याला श्रेय. बाबासाहेबांनी १९३६ च्या त्या न होऊ दिलेल्या भाषणात याचं उत्तर दिलं आहे. जात नुसती कामं वाटून देत नाही, ती काम करणारी माणसंच वेगळी करून एकावर एक रचते. म्हणून कोसुगेंना भंगारातून बाहेर पडता आलं. पुरवठा सुरू झाल्यावर ते कोऱ्या पत्र्याकडे वळले, आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची त्यांची पत्र्याची कॅडिलॅक आज संग्राहक शोधत फिरतात. त्यांच्यासाठी भंगार हा एक मुक्काम होता. वेचणाऱ्यासाठी ते जन्माने ठरलेलं काम होतं.

आपल्याकडे पाहा. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना झाली. तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. त्या नावात पत्रा आहे. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. आम्ही भीक मागत नाही, चोरी करत नाही, शहराची सेवा करतो, हे त्यांनी संघटित होऊन सांगितलं आणि महापालिकेकडून मान्यतेचं ओळखपत्र मिळवलं. ओळखपत्र म्हणजे काय? तर नाव. खेळण्यांच्या इतिहासाने जे नाकारलं, ते इथे लढून घ्यावं लागलं.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' शिकवतात. वस्तीतली पोरं ते न शिकताच करतात: तेलाच्या डब्याचा ट्रक, झिजलेल्या स्लिपरची चाकं, ओढायला सुतळी. पाहुणे येतात, फोटो काढतात, गरिबीतल्या कल्पकतेचं गुणगान करतात. या गुणगानापासून आम्ही सावध आहोत. ज्या पोराला दुसरं खेळणं घेताच येत नाही, त्याच्या ट्रकचं कौतुक करून थांबणं म्हणजे त्याच्या गरिबीचं कौतुक करणं.

मग कार्यकर्त्यांनी करायचं काय? वस्तीत मुलांसाठी असं शिबिर घेतलं तर पत्रा ओळखायला शिकवणारी गुरू म्हणून वेचक ताईला बोलवा, आणि बाहेरच्या पाहुण्या कलावंताला जेवढं मानधन देता तेवढंच तिला द्या. मुलांना हातोडी द्या, सोबत भूमितीचं पुस्तकही द्या, कारण ट्रकचा नमुना कागदावर उलगडणं ही भूमितीच आहे. आणि तिच्या मुलीला भंगार सोडून जाण्याचा पूर्ण हक्क आहे, हे ठामपणे सांगा. कामाची प्रतिष्ठा आणि काम सोडण्याचं स्वातंत्र्य, या दोन्ही मागण्या एकत्रच लढवायच्या आहेत. उद्या तीच मुलगी अभियंता झाली आणि एखाद्या रविवारी हौसेने पत्र्याचा ट्रक करायला बसली, तर तिलाही लोकांनी कलावंतच म्हटलं पाहिजे. तिची जात विचारायची कुणाला गरज वाटता कामा नये.