चित्रपटाच्या वर-खाली काळ्या पट्ट्या का दिसतात?

नवा, मोठ्या पडद्याचा दूरचित्रवाणी संच घरी येतो, हौसेने चित्रपट लावला जातो आणि चित्राच्या वर व खाली दोन काळ्या पट्ट्या उमटतात. पैसे पूर्ण पडद्याचे मोजले आणि चित्र मात्र पाऊणच, ही तक्रार दुकानदारांच्या चांगल्याच परिचयाची आहे. वास्तविक दोष संचात नसतो आणि प्रक्षेपणातही नसतो. चित्रपटाची चौकट आणि घरातील पडदा यांचे आकारच भिन्न असतात. रुंद चित्र कमी रुंद पडद्यावर संपूर्ण दाखवायचे, तर वर-खाली जागा रिकामी राहणारच. ही रिकामी जागा म्हणजेच काळी पट्टी.

या रिकाम्या जागेच्या बदल्यात प्रेक्षकाला काय मिळते, हे समजण्यासाठी 'फँड्री'चे उदाहरण घेता येईल. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे शिक्षण घेतलेल्या नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाची कथा नगरजवळच्या अकोळनेर गावात घडते. अखेरीकडे जब्या आणि त्याच्या घरचे पकडलेले डुक्कर काठीला बांधून खांद्यावरून नेतात. मागच्या भिंतीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावित्रीबाई फुले आदींची चित्रे रंगवलेली आहेत. या दृश्यात संवादाची गरजच उरत नाही. आडवी काठी, ती वाहणारी माणसे आणि पाठीमागची लांबलचक भिंत एकाच वेळी दिसतात, यातच त्याचा सारा अर्थ आहे. पडदा भरावा म्हणून या चौकटीच्या दोन्ही कडा छाटल्या, तर माणसे तरी जातील किंवा भिंतीवरील चित्रे तरी.

अशी रुंद चौकट आली कुठून? मूकपटांच्या काळात पस्तीस मिलिमीटर फितीवरील चित्राचे प्रमाण रुंदी चार तर उंची तीन असे होते. बोलपट आल्यावर ध्वनीसाठी फितीच्या कडेला जागा द्यावी लागली आणि १९३२ मध्ये अमेरिकेतील चित्रपट अकादमीने १.३७ : १ हे प्रमाण ठरवले. 'संत तुकाराम'सारखे (१९३६) प्रभातचे चित्रपट याच सुमारच्या, काहीशा चौकोनी चौकटीतले. दूरचित्रवाणीचा जन्म झाला तेव्हा तिने चित्रपटाचेच ४ : ३ हे प्रमाण उचलले. त्यामुळे काही काळ दोहोंचा आकार जवळपास सारखा होता आणि पट्ट्यांचा प्रश्नच नव्हता.

गंमत अशी की, हे साम्य दूरचित्रवाणीमुळेच मोडले. पन्नाशीच्या दशकात अमेरिकी प्रेक्षक घरच्या संचासमोर रमू लागला, तेव्हा घरी मिळणार नाही असे काहीतरी चित्रपटगृहात देणे निर्मात्यांना भाग पडले. १९५२ मध्ये तीन प्रक्षेपकांचा 'सिनेरामा' आला आणि १९५३ मध्ये 'द रोब' या चित्रपटाने 'सिनेमास्कोप' रूढ केला. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतियाँ यांनी तयार केलेले भिंग यामागे होते. चित्रीकरणाच्या वेळी हे भिंग दृश्य आडव्या दिशेने निम्मे आक्रसून फितीवर बसवते आणि प्रक्षेपणाच्या वेळी तसेच दुसरे भिंग ते पुन्हा पसरवते. फीत जुनीच राहिली, पडदा मात्र दुपटीच्या आसपास रुंद झाला. सुरुवातीचे २.५५ : १ हे प्रमाण ध्वनिपट्टीला जागा देताना २.३५ : १ वर आले. भारतात १९५९ च्या 'कागज के फूल'मधून गुरुदत्त आणि छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी सिनेमास्कोप आणला. त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला, दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले, ते अर्थातच ४ : ३ मध्ये.

जुन्या ४ : ३ संचावर २.३५ प्रमाणाचा चित्रपट पूर्ण दाखवला, तर चित्राला पडद्याच्या उंचीचा सुमारे ५७ टक्के भागच मिळतो. उरलेले ४३ टक्के काळे. आपल्याकडील प्रक्षेपणात चित्राच्या ५७६ रेषा असत, त्यांपैकी जेमतेम ३२७ रेषा चित्राच्या वाट्याला येत. केबलवर सर्रास चालणाऱ्या व्हीसीडीत मुळात २८८च रेषा असल्याने तेथे तर १६३ उरत आणि चेहरे ओळखणेही कठीण होई. म्हणूनच अनेक वाहिन्या व चित्रफिती दृश्याच्या कडा छाटून मधला तुकडाच दाखवत. दोन पात्रे पडद्याच्या दोन टोकांना उभी राहून बोलत असतील, तर चौकट एकीकडून दुसरीकडे सरकवली जाई. मूळ छायालेखकाने न केलेली ही हालचाल संकलनाच्या टेबलावर तयार होई. प्रेक्षकाला पट्ट्या दिसत नसत, पण चित्राचा ४३ टक्के भाग गेल्याचेही कळत नसे. पट्ट्या निदान प्रामाणिक आहेत, असेच म्हणावे लागेल.

आजच्या संचांचे १६ : ९ हे प्रमाण ही एक तडजोड आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकी अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित चौकटींचे आयत एकमेकांवर मांडून पाहिले. त्या सर्वांना कमीत कमी जागा वाया घालवून सामावून घेणारा आयत सुमारे १.७७ प्रमाणाचा निघाला. तोच १६ : ९. तो कोणत्याच जुन्या चौकटीशी तंतोतंत जुळत नाही, पण कोणावर फार अन्यायही करत नाही. १.८५ प्रमाणाचा चित्रपट यावर लावला, तर वर-खाली मिळून चार टक्केच जागा रिकामी राहते. २.३५ साठी मात्र ती २४ टक्के होते. बत्तीस इंची संचावर याचा अर्थ वर आणि खाली प्रत्येकी सुमारे पावणेदोन ते दोन इंच. अलीकडे वेबमालिकांत रुळलेले २ : १ प्रमाण त्या दोहोंच्या मध्ये बसते. उलट 'संत तुकाराम' किंवा दूरदर्शनची जुनी मालिका लावली, तर पट्ट्या डाव्या-उजव्या बाजूला येतात.

चारही बाजूंनी काळी चौकट दिसत असेल, तर मात्र कुठेतरी खरोखर चुकले आहे. ४ : ३ प्रक्षेपणासाठी आधीच पट्ट्या घातलेले चित्र रुंद संचावर आले, की असे होते. येथे संचातील 'झूम' वापरणे योग्यच. इतर वेळी 'झूम' केल्यास २.३५ च्या चित्रपटाची जवळपास चौथाई रुंदी कापली जाते. चित्र ताणून पडदा भरण्याचा पर्याय तर त्याहून वाईट. त्यात माणसे उंचीला ताणली जातात आणि चाकेही लांबट होतात. एलसीडी संचात मागचा प्रकाश झिरपत असल्याने पट्ट्या करड्या भासतात. खोलीत मंद दिवा ठेवला आणि संचाचा प्रकाश थोडा उतरवला, की त्या फारशा जाणवत नाहीत. चित्रपटगृहातही पडद्याच्या कडांना काळे कापडच असते, पण अंधारात ते दिसत नाही.