झोपलेली मोटार, जागी बॅटरी

जुनी मोटार हिवाळ्यासाठी गॅरेजमध्ये उभी करण्यापूर्वी काय काय करायचं, हे मिशिगनमध्ये कुणीही तोंडपाठ सांगेल. तेल बदला. पेट्रोलची टाकी भरून ठेवा. टायरमध्ये हवा थोडी जास्त मारा. उंदीर आत शिरतील अशा फटी बुजवा. ही कामं नोव्हेंबरात एकदा उरकली की एप्रिलपर्यंत विसरता येतात. बॅटरीचं तसं नाही. बंद गाडीतली, तारा सोडवलेली, कोपऱ्यात ठेवलेली बॅटरीसुद्धा आतल्या आत काम करत राहते, आणि ते काम तिच्या मुळावर येणारं असतं.

मी डेट्रॉइटजवळ राहतो. माझ्याकडे १९६५ची एमजीबी आहे. ती हिवाळ्यात रस्त्यावर न आणण्याचं मुख्य कारण थंडी नाही, मीठ आहे. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते जुन्या गाडीचा पत्रा खालून खात जातं. गंमत म्हणजे खुद्द डेट्रॉइट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. मोटारी घडवणाऱ्या शहराखालीच मोटारी खाणाऱ्या मिठाचा साठा!

पण गाडी हिवाळ्यात झोपवायची पद्धत या मिठाहून जुनी आहे. पहिल्या महायुद्धानंतरही अमेरिकेतल्या बहुसंख्य मोटारी उघड्या होत्या, वर कापडी टप. रस्त्यांवरचा बर्फ काढायची व्यवस्था बहुतेक ठिकाणी नव्हती आणि रेडिएटरमधलं पाणी गोठलं तर इंजिन तडकायचं. त्यामुळे पहिला मोठा बर्फ पडला की लोक गाडी ठोकळ्यांवर चढवून सरळ वसंताची वाट बघत. फोर्डच्या सुरुवातीच्या मॉडेल टीला हे सोसायचं. तिची ठिणगी मॅग्नेटोतून यायची आणि सुरू करायला हँडल होतं. पाणी काढून टाकलं की ती पाच महिने निश्चिंत झोपू शकत असे.

हँडल मारणं म्हणजे काय, हे आपल्याकडे जुन्या फिआट आणि ट्रक पाहिलेल्यांना सांगायला नको. इंजिननं उलटा झटका दिला की मनगट मोडायचं. बायरन कार्टर हा मोटार-उत्पादक अशाच झटक्यानं जखमी होऊन पुढे १९०८ मध्ये दगावला आणि त्यामुळे हळहळलेल्या कॅडिलॅकच्या हेन्री लीलंडनं हँडल हद्दपार करायचं ठरवलं, अशी कथा सांगतात. कथेला मीठमसाला लागलेला असू शकतो, पण चार्ल्स केटरिंगनं तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला, हे नक्की. त्याबरोबर शिसं आणि अ‍ॅसिडनं भरलेली एक जड पेटी मोटारीत कायमची मुक्कामाला आली.

ही पेटी तेव्हाही नवी नव्हती. १८५९ मध्ये गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं शिशाचे दोन पत्रे एकमेकांना न चिकटतील अशा बेतानं गुंडाळून सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येईल अशी बॅटरी बनवली. १८८१ मध्ये कामिय फोरनं पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन तिची ताकद वाढवली. आतल्या रसायनाचा उलगडा ग्लॅडस्टन आणि ट्राइब या दोघांनी त्याच दशकात केला. बॅटरी वापरली जाते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. चार्ज केली की ते पुन्हा विरघळून मूळ पदार्थ परत येतात.

बॅटरीच्या हिवाळ्यातल्या सगळ्या गोष्टी या सल्फेटशी येऊन थांबतात. ताजं सल्फेट बारीक कणांचं असतं आणि सहज परततं. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवड्यांमागून आठवडे पडून राहिली तर बारीक कण विरघळून मोठ्या, टणक स्फटिकांवर जमत जातात. साखरेचा पाक ठेवून दिला की खडे धरतात, तसंच. हे खडे चार्जरला दाद देत नाहीत. प्लेटेचा तेवढा भाग मेला. आणि बॅटरी उतरायला दिवा चालू राहावा लागत नाही. तारा काढून ठेवली तरी ती स्वतःहून उतरतच असते.

इथे थंडीवरचा एक आरोप मागे घ्यायला हवा. थंडीत स्टार्टर ढिम्म हलत नाही, कारण उणे १८ अंशाला बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि इंजिनातलं तेल घट्ट होतं. पण आपोआप उतरण्याची क्रिया मात्र थंडीत मंदावते. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे गोठलेल्या गॅरेजातली भरलेली बॅटरी उबदार तळघरातल्या बॅटरीपेक्षा जास्त दिवस टिकते. २०२०च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये उभ्या गाड्यांच्या बॅटऱ्या बसल्या, त्यात उन्हाळ्याचाही हात होता. थंडी जीवघेणी ठरते ती उतरलेल्या बॅटरीला. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं अ‍ॅसिड उणे पन्नासाच्याही खाली गोठतं. उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं, ते उणे दहाच्या आसपास गोठून पेटी फोडतं.

स्टार्टर सर्रास झाल्यावर अमेरिकेत या प्रश्नाभोवती एक धंदा उभा राहिला. शरद संपताना लोक गाडीतली बॅटरी काढून सर्व्हिस स्टेशनात नेऊन देत आणि वसंतात परत आणत. ओ. ए. विट यांच्या बॅटरी-दुरुस्तीवरच्या १९२२च्या पुस्तकात या साठवणीच्या दोन तऱ्हा तपशीलवार दिल्या आहेत. कोरड्या साठवणीत बॅटरी चक्क उकलत. ती पूर्ण चार्ज करायची, प्लेटा बाहेर काढायच्या, मधले लाकडी पडदे टाकून द्यायचे, प्लेटा धुऊन वाळवायच्या. उणे बाजूच्या प्लेटा हवा लागताच तापू लागत, म्हणून त्या पुन्हा पाण्यात बुडवायच्या. वसंतात नवे पडदे घालून सगळं परत जुळवायचं. ओल्या साठवणीत बॅटरी अखंड ठेवून अधूनमधून चार्ज करत, किंवा तिला सतत अगदी बारीक प्रवाह देत राहत. नळ थेंबथेंब गळावा तसा हा ‘ट्रिकल चार्ज’.

घरच्या घरी हे करणं सोपं नव्हतं. शहरातली वीज बहुधा उलटसुलट वाहणारी, एसी. बॅटरीला हवी डीसी. जनरल इलेक्ट्रिकच्या टंगार दिव्यानं ही अडचण सोडवली. टंगस्टनची तार आणि आरगॉन वायू, म्हणून टंगार. तो पेटलेल्या बल्बसारखा दिसायचा आणि वीज एकाच दिशेनं जाऊ द्यायचा. विशीच्या दशकात रेडिओ संचही सहा व्होल्टच्या बॅटरीवर चालत. मोटार झोपलेली असताना तिची बॅटरी दिवाणखान्यात रेडिओला जोडणारी घरं होती. बॅटरीला याहून चांगला हिवाळा कुठला?

ट्रिकल चार्जचा दोष असा की त्याला थांबायचं कळत नव्हतं. भरून झाल्यावरही प्रवाह चालूच, मग पाणी उडून जायचं, हायड्रोजन सुटायचा, प्लेटा झिजायच्या. यावरचा शहाणपणा टेलिफोन एक्स्चेंजमधून आला. तिथल्या बॅटऱ्यांना वर्षानुवर्षं कुणी फारसं वापरत नाही, पण वीज गेली तर त्याच क्षणी त्या तयार हव्यात. त्यासाठी प्रवाह ठरवण्याऐवजी व्होल्टेज ठरवून देत. बॅटरी भरत आली की ती स्वतःच कमी प्रवाह घेते. बेल लॅब्जच्या हेरिंग आणि थॉमस यांनी १९३५ मध्ये प्लेटांच्या जाळीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम वापरून पाहिलं, तेही याच एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांसाठी. त्यामुळे आपोआप उतरणं पुष्कळ कमी झालं. सत्तरीच्या दशकात हीच युक्ती ‘पाणी न घालावं लागणारी’ बॅटरी म्हणून मोटारींत आली.

आज माझ्या गॅरेजात भिंतीवर टांगलेला तळहाताएवढा मेंटेनर हेच करतो. बारा व्होल्टच्या बॅटरीला साधारण १३.२ ते १३.५ व्होल्ट देऊन तो गप्प बसतो. जुन्या गाडीला दोन पथ्यं जास्त. सहा व्होल्टच्या गाडीला बारा व्होल्टचा चार्जर लावायचा नाही. आणि ‘आधी काळी तार सोडा’ हा नियम डोळे झाकून पाळायचा नाही. माझ्या एमजीबीसारख्या साठीच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेलं असतं. सांगाड्याला जोडलेली तार आधी सोडायची, मग ती कुठल्याही रंगाची असो. म्हणजे पाना पत्र्याला टेकला तरी ठिणगी उडत नाही.

एवढी उस्तवार एका पेटीसाठी कशाला, नवी घ्यावी, असं मला मित्र म्हणतात. पैशांचा हिशेब केला तर ते चूक नाहीत. पण मेलेली बॅटरी कुठेतरी जाते.

१९३२ मध्ये, मंदीच्या काळात, बॉल्टिमोर शहरात लहान मुलं शिशाच्या विषबाधेनं आजारी पडू लागली. आरोग्य खात्यानं माग काढला तेव्हा कळलं, की गरीब वस्त्यांमधली, बहुतेक कृष्णवर्णीय, कुटुंबं भंगारवाल्यांकडून मिळालेली बॅटऱ्यांची रिकामी खोकी चुलीत जाळत होती. वर्षानुवर्षं शिसं मुरलेलं लाकूड. ज्यांच्याकडे मोटार कधी नव्हती, त्यांच्या घरात मोटारीचं शिसं धूर होऊन शिरलं, आणि तेही ऊब मिळावी म्हणून. त्याआधी जवळजवळ वीस वर्षं अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टर बाईंनी बॅटरी कारखान्यांतल्या कामगारांच्या शरीरातलं शिसं सरकारी अहवालात नोंदवून ठेवलं होतं. कारखान्याच्या भिंतीआडचं विष वस्तीत पोचायला एक मंदी पुरली.

ही गोष्ट तिथे संपलेली नाही. सेनेगलमध्ये डकारजवळच्या एका वस्तीत २००७-०८च्या काही महिन्यांत १८ लहान मुलं मरण पावली. तिथे जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं उघड्यावर काढलं जात होतं. युनिसेफच्या २०२०च्या अहवालानुसार जगातल्या दर ३ मुलांपैकी १ मूल शिशाच्या चिंताजनक पातळीचं ओझं वाहतं, आणि त्यात भारतातल्या मुलांची संख्या सर्वांत मोठी आहे. आपल्याकडे जुनी बॅटरी विक्रेत्याकडे परत देण्याचे नियम २००१ पासून आहेत, २०२२ मध्ये ते नव्यानं आले. तरी दोन पैसे जास्त देणारा भंगारवाला दारात उभा असतो, आणि त्याच्या पलीकडची भट्टी आपल्याला दिसत नाही.

मेंटेनर लावून मी जग वाचवतो, असा माझा दावा नाही. शिशाची प्रत्येक बॅटरी एक दिवस मरणारच आहे. पण निगा राखली तर सात-आठ वर्षं चालणारी बॅटरी दुर्लक्षानं दोन हिवाळ्यांत संपते, म्हणजे एका गाडीमागे वितळवायचं शिसं कित्येक पटींनी वाढतं. सर्व्हिस स्टेशनातले ते विशीतले कारागीर प्लेटा धुऊन वाळत घालायचे, कारण बॅटरी महाग होती. ती स्वस्त झाल्यावर तिची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर गेली. या हिवाळ्यात तुमचीही गाडी उभी राहणार असेल, तर महिन्यातून एकदा मीटर लावून बघा. विश्रांतीनंतर १२.४ व्होल्टच्या खाली काटा गेला, तर आजच चार्जिंगला टाका. आणि ती खरोखर मेलीच, तर पावती देणाऱ्याच्याच हाती सोपवा.