वाड्याचे मूळ रूप कोणते?

आमच्या रेणापूरकडे वाडा म्हटला की ढाळज आणि माळवद डोळ्यांपुढे येते. त्या माळवदाची माती आमच्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर वाहिली. ढाळजेच्या आत मात्र त्यांचे पाऊल पडले नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशीच जड माळवदे आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. तेव्हा जुन्या वास्तूंसाठी गहिवरणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही.

पुण्याच्या गंज पेठेतील (आता महात्मा फुले पेठ) जोतीराव फुल्यांच्या वाड्याची गोष्ट निराळी. १९७२ साली तो राज्य संरक्षित स्मारक झाला. आता हा वाडा आणि जवळचे सावित्रीबाईंचे स्मारक जोडून परिसर वाढवण्याची शासनाची योजना आहे. मूळ रूप राखून विस्तार करावा, हे सगळेच म्हणतात. पण मूळ रूप कशाला म्हणायचे?

लाकडी खांब आणि कौले त्या काळच्या पुण्यात घरोघरी होती. या घराचा पहिला विस्तार खुद्द जोतीराव-सावित्रीबाईंनी केला, आणि तो गवंड्याच्या हाताने झालेला नाही. १८६३ मध्ये फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले; तिथेच जन्मलेला यशवंत त्यांचा दत्तक मुलगा झाला. १८६८ मध्ये घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. चवदार तळ्याच्या एकोणसाठ वर्षे आधी! नूतनीकरणाच्या नकाशात तो हौद शोभेची वस्तू म्हणून एका कोपऱ्यात गेला, तर खांबांना कितीही तेलपाणी करा, वाडा गेलाच म्हणायचा.

हयगय केली की काय होते तेही पुण्यानेच पाहिले. १८४८ साली मुलींची शाळा जिथे भरली तो भिडे वाडा वर्षानुवर्षे कज्जात कुजला आणि ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री पाडला गेला. तिथे स्मारक उभे राहील. ती भिंत उभी राहणार नाही.

फुले वाड्याभोवती रिकामे रान नाही, दाट वस्ती आहे. मालक आहेत, भाडेकरू आहेत, हातावर पोट असणारे आहेत. जागा घ्यायची तर मोबदला मालकाला मिळतो, आणि भाडेकरूला गावकुसाबाहेरची वाट दाखवली जाते, हा आपला जुना अनुभव. म्हणून विस्ताराला माझा पाठिंबा आहे तो एका अटीवर: भाडेकरूंसह सर्वांचे पुनर्वसन त्याच पेठेत, आणि तेही पहिली भिंत पाडण्यापूर्वी, लेखी.