झाडीपट्टीची रात्र

लोकांच्या अंगवळणीं पडलेल्या करमणुकीच्या प्रकारांत फेरफार करावा काय, आणि करावयाचा तर तो कोठवर, हा प्रश्न आमच्यापुढें मोठ्या अनपेक्षित वाटेनें आला. वर्गाबाहेरच्या ओट्यावर आमचे कांहीं विद्यार्थी एका जपानी खेळावरून हमरीतुमरीवर आले होते. पडद्यावर खेळावयाच्या या भयखेळाचें नांव 'रेसिडेंट ईव्हिल'. कॅपकॉम नांवाच्या कंपनीनें तो १९९६ सालीं प्रथम काढला. जवळ गोळ्या मोजक्या, वाट अरुंद, आणि दारापलीकडे काय आहे हें दार उघडल्याखेरीज कळावयाचें नाहीं, असें त्याचें मूळचें रूप. २००५ सालच्या चौथ्या भागांत कर्त्यांनीं पाहण्याची रीतच पालटली. कोपऱ्यांत खिळविलेली दृष्टि नायकाच्या खांद्यामागें आणली. जुन्या भक्तांपैकीं पुष्कळांस तें मानवलें. २०१२ सालच्या सहाव्या भागांत मात्र बंदुकांचा व स्फोटांचा असा सुकाळ झाला कीं भयच पळालें, अशी ओरड झाली; आणि २०१७ सालच्या सातव्या भागास पुन्हा एका मोडकळीस आलेल्या घराच्या अंधारांत शिरावें लागलें. बदल दोन्ही वेळां झाला. एक पचला, दुसरा बाधला. असें कां व्हावें यावर मुलांचें एकमत होईना. आम्हांस त्या खेळांत गति नाहीं. परंतु ऐकतां ऐकतां आमचें मन वैनगंगेच्या कांठीं गेलें. कारण हाच वाद तेथें दर हंगामांत भाऊबीजेपासून होळीपर्यंत चालतो, आणि त्यावर कित्येक कुटुंबांचें पोट अवलंबून आहे.

चंद्रपूर व गडचिरोली (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता), तसेच भंडारा व गोंदिया, या भागास झाडीपट्टी म्हणतात. धानाच्या बांध्या, तळीं आणि त्यांस वेढून बसलेलें रान असा हा मुलूख. दिवाळीच्या सुमारास धान कापणीस येतें, गांवोगांवीं मंडई भरते, पुढें कोठें शंकरपटांत बैलजोड्या धांवतात, आणि त्या रात्रीं नाटक होतें. गांवचें मंडळ वडशाची कंपनी ठरवितें, मंडप घालतें, तिकिटें विकतें. प्रेक्षक दहाच्या पुढेंमागें बसतात ते उजाडतां उठतात. लेकी-जांवयांस, सोयऱ्याधायऱ्यांस आवर्जून बोलावणें जातें. मुलगी पाहण्याचें कामही पुष्कळदां याच निमित्तानें उरकतें. शहरी टीकाकारांस हें नाटक भडक, रडवें व लांबलचक वाटतें. आम्हांसही तरुणपणीं वाटे. शेक्सपिअर नुकताच वाचला होता, त्याची ती गुर्मी. त्या कविश्रेष्ठाचे पुष्कळसे प्रेक्षक उघड्या अंगणांत उभे राहून, कांहीं तरी खातखात त्याचीं नाटकें पाहत, हें ध्यानांत यावयास आणखी दहा वर्षें लागलीं.

आज जी परंपरा म्हणून राखावयाची म्हणतात, ती स्वतःच एका मोठ्या बदलाचें अपत्य आहे. या भागाची मूळची रंगभूमि म्हणजे दंडार व खडी गंमत. गांवचेच पुरुष, त्यांतलाच एक लुगडें नेसून नाच्या, आणि भोंवतालीं सारा गांव. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनीं दंडारीकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. तोंवर तिला कोणी गणतींत धरीत नव्हतें. पुढें पडद्याचें नाटक आलें, तेंही प्रथम गांवकऱ्यांनीं स्वतःच केलें. महिनोन् महिने तालमी चालत. स्त्रीपात्रांसाठीं तेवढ्या बाहेरून नट्या आणीत. मग वडशास, म्हणजे देसाईगंजास, व्यावसायिक कंपन्यांनीं कार्यालयें थाटलीं. आमच्या मतें झाडीपट्टीनें केलेला सर्वांत धाडसाचा बदल हाच होय: काल जो तोंडास रंग लावून उभा राहत होता, तो आज तिकीट काढून बसला. यांत कांहींच हरवलें नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. आमचे एक चुलते गांवच्या नाटकांत राजा होत असत. कंपन्या आल्यावर राजाचें सिंहासन गेलें. पुढें अखेरपर्यंत ते पहिल्या रांगेंत बसून नटांच्या चुका बोटांवर मोजीत. पण ते घरीं बसले नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे.

याच्या उलट पश्चिम महाराष्ट्राकडे पाहावें. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' केलें, तेव्हांपासून वाढत गेलेला नाटकाचा धंदा १९३१ सालीं बोलपट येतांच थोड्याच वर्षांत खिळखिळा झाला. १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' या मंडळीनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणून आटोपशीर, मोजक्या पदांचें, युरोपी वळणाचें नाटक दाखविलें. जाणत्यांनीं तें नांवाजलें. तरी संस्था फार काळ टिकली नाहीं. रात्रभर गाणें ऐकावयास येणाऱ्या प्रेक्षकाच्या हातून गाणें काढून घेतलें व त्याच्या हातावर विचार ठेवला. विचार उत्तम होता. पण ज्यासाठीं तो घरून निघे तें मिळेना, आणि नवा प्रेक्षक अद्याप जमावयाचा होता. हा दोष आम्ही त्या मंडळींच्या माथीं मारीत नाहीं. बोलपटानें त्यांस उसंतच दिली नाहीं.

झाडीपट्टीचें नाटक बोलपटास पुरून उरलें, दूरचित्रवाणीस उरलें, आणि आज प्रत्येकाच्या खिशांतल्या यंत्रासही उरलें आहे. याचें कारण संवादांत किंवा गाण्यांत शोधून सांपडेल असें आम्हांस वाटत नाहीं. तें रात्रीच्या लांबींत आहे. नाटक पहांटेपर्यंत चालतें तें कथानकास तेवढा वेळ लागतो म्हणून नव्हे. पांच-सहा कोसांवरून बंड्या जुंपून आलेलीं बायकामुलें रात्रीं एक वाजतां रानवाटेनें परत कशीं जावीं? म्हणून नाटक उजेडापर्यंत ताणावयाचें, असा आमचा तर्क आहे. आमच्या बालपणीं तणसावर गोधड्या पसरून आम्ही निजत असूं, आणि खलनायकाच्या आरोळीनें जागे झालों कीं आईचा हात चांचपीत असूं. भय दोन प्रकारचें होतें: एक रंगमंचावरचें, तें हवेंहवेंसें, दुसरें मंडपाच्या कनातीपलीकडचें, त्याचें कोणी नांव घेत नसे. आतां पक्के रस्ते झाले, मोटारसायकली आल्या, हें खरें. परंतु २०२२ च्या ऑक्टोबरांत वनखात्यानें 'सीटी-१' नांवाचा वाघ जेरबंद केला, तो वडशाच्याच जंगलांत. त्यानें तेरा माणसांचा बळी घेतला होता. ज्या गांवीं नाटकांच्या तारखा ठरतात, त्याच गांवाच्या वेशीबाहेरची ही गोष्ट.

अलीकडे सुधारणेच्या दोन सूचना ऐकूं येतात. एक अशी कीं शहराप्रमाणें अडीच तासांचें बांधेसूद नाटक करावें, म्हणजे शिकलेला तरुण येईल. दुसरी कोणी बोलून दाखवीत नाहीं, करून मोकळे होतात: दोन प्रवेशांमध्यें सिनेमाच्या गाण्यावर नाच घालावयाचा व शिट्ट्या मिळवावयाच्या. सोंवळेपणानें नाचास नांवें ठेवणें आम्हांस मान्य नाहीं; नाच्या दंडारींतही होताच, आणि त्याचे विनोद कांहीं कीर्तनांतले नसत. भीति वेगळी आहे. त्या नाचासाठीं पुढच्या रांगा गर्जूं लागल्या कीं सासुरवाशीण लेक मुलांस घेऊन उठून जाते. ती उठली कीं तिच्या माहेरचें आमंत्रण संपलें. मग तेथें उरतो तो केवळ तमाशबीन, आणि त्याला हवें तें त्याच्या खिशांतलें यंत्र अधिक स्वस्तांत दाखवितें. त्या जपानी खेळांत बंदुका वाढल्या व भय गेलें, तसाच कांहींसा हा प्रकार. पहिली सूचना सभ्य दिसते, पण आमच्या मतें तीच अधिक घातक होय.

बाकीचे आघात बाहेरून आले व गेले. ७ मे २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्रांत १६ डिसेंबर २०२१ रोजीं सशर्त मुभा मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें सुधारित कायदा ग्राह्य धरला. मधल्या काळांत पट थांबला, नाटक थांबलें नाहीं. २०२० सालच्या महामारीनें मात्र रंगमंच ओस पाडला. नट शेतावर मजुरीस गेले. त्यानंतर २०२३ सालीं कुरखेडा तालुक्यांतील गुरनोलीचे परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली, तेव्हां ज्यांनीं झाडीपट्टीचें नांवही ऐकलें नव्हतें त्यांनीं नकाशा काढून पाहिला.

आमच्या ओळखीच्या एका गांवीं मंडळाच्या बैठकींत तरुणांनीं अडीच तासांची सूचना मांडली. आंकडे चांगले होते. वीज वांचेल, दुसऱ्या दिवशींची मजुरी बुडणार नाहीं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनीं सारें ऐकून घेतलें व एवढेंच विचारलें, "नाटक एक वाजता सरला, त पावन्यायले कोटी ठेवाचा?" त्या गांवांत घरें साठ, आणि नाटकाच्या रात्रीं पाहुणे त्याच्या कित्येक पट. पोरें एकमेकांकडे पाहूं लागलीं. मग एकानें उठून फळ्यावर लिहिलेली वेळ पुसली व दहा ते पहांट अशी पूर्ववत् लिहिली.