कुपोषण-संसर्ग चक्र : झोपडपट्टीतील बालके

अपुरे पोषण आणि वारंवार होणारे संसर्ग यांनी लहान मुलांमध्ये एकमेकांना बळ देत राहण्याची प्रक्रिया. नेव्हिन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर व जॉन गॉर्डन यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या १९६८ मधील ग्रंथात तिची शास्त्रीय मांडणी केली.

कार्यकारण : जुलाबात भूक मरते, खाल्लेले अंगी लागत नाही, तापात शरीराची झीज वाढते. खंगलेल्या मुलाची प्रतिकारशक्ती घटते आणि ते सावरण्याआधीच पुढचा आजार गाठतो. अस्वच्छ परिसरात सतत पोटात जाणाऱ्या जंतूंमुळे जुलाब नसतानाही आतड्याचे अस्तर झिजते व शोषण घटते. ‘खातो, पण अंग धरत नाही’ या आयांच्या तक्रारीमागे हेही एक कारण असते.

मुंबईतील स्थिती : १९२७ पासूनच्या देवनार कचराभूमीलगत गोवंडीच्या दाट वस्त्या आहेत. अनेक घरांत स्वतंत्र नळ नाही. पाणी पिंपात साठवतात आणि त्यातच गडू बुडवतात. आई कामावर गेली की मुलाचे खाणे थोरल्या भावंडाकडे आणि पाच रुपयांच्या पाकिटाकडे जाते. २०२२ च्या ऑक्टोबरपासून येथे गोवराची साथ पसरून मुले दगावली; कोविडकाळात अनेकांचे लसीकरण राहून गेले होते. गोवरात शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा घटतो. त्यामुळे कुपोषित मुलात गोवर डोळे व फुप्फुसांवर उतरतो.

ओळख : ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर रंगीत पट्टीने मोजतात. ११.५ सेंमी.पेक्षा कमी (लाल) म्हणजे तीव्र, तर ११.५ ते १२.५ सेंमी.पर्यंत (पिवळा) मध्यम कुपोषण. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खळगा राहिला, तर ती सूजही तीव्र कुपोषणाची खूण असते. अशा वेळी नुसते वजन फसवे ठरते.

उपाय : जुलाबात क्षारसंजीवनी व १४ दिवस जस्ताच्या गोळ्या देतात, खाणे व अंगावरचे दूध तोडत नाहीत. गोवर-रुबेलाची लस ९ व १६ ते २४ महिन्यांच्या वयात देतात. तीव्र कुपोषणात विशेष उपचारआहार देतात. गुंतागुंत असल्यास रुग्णालयात दाखल करतात. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी वजन, पूरक आहार व लसीकरणाचा पाठपुरावा पाहते. मात्र कुटुंबाने भाड्याची खोली बदलली की मुलाचे नाव नोंदवहीतून निसटते. बरे झालेले मूल त्याच गल्लीत, त्याच पिंपाच्या पाण्यावर परतते. म्हणून आहाराइतकेच पाणी, शौचालय व लस हेही कुपोषणाचेच उपचार ठरतात.