काशीचा तिलिस्मकार : देवकीनंदन खत्री

आजच्या गोष्टीची सुरुवात काशीच्या बालाजी घाटावरून करू. पंचगंगा घाटाला लागून असलेला हा घाट पेशव्यांच्या नावाशी जोडलेला आहे. वर बालाजीचं देऊळ. उस्ताद बिस्मिल्ला खान याच देवळात शहनाईचा रियाज करत. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट या भागात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. इथून प्रवाहाच्या उलट दिशेनं नाव हाकली की भोसले घाट लागतो, मग शिंदे घाट. आणखी पुढे, पलीकडच्या काठावर काशीनरेशांचा रामनगरचा किल्ला. आणि त्याहून कितीतरी वर गेलं की गंगेच्या काठावर चुनारगढ.

चुनारगढ म्हटल्यावर तुमच्यापैकी अनेकांना १९९४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनवरची ‘चंद्रकांता’ मालिका आठवेल. ‘यक्कू’ म्हणणारा क्रूरसिंग तर विसरणंच शक्य नाही. ती मालिका ज्या कादंबरीवर बेतली होती, तिचे लेखक बाबू देवकीनंदन खत्री. आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

खत्रींचा जन्म १८६१ चा, बिहारमधला, आजोळी. घराणं मूळचं पंजाबकडचं, काशीत स्थायिक झालेलं. सुरुवातीचं शिक्षण उर्दू-फारसीत. हिंदी आणि संस्कृत नंतर शिकले. तरुणपणी गयेजवळच्या टिकारी संस्थानात व्यापार केला. मग काशीला परतले आणि काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्या ओळखीतून चकिया आणि नौगढच्या जंगलांचा ठेका मिळवला.

या ठेक्यानं लेखक घडवला. कामानिमित्त रानात हिंडताना त्यांनी पडके किल्ले पाहिले, गुहा पाहिल्या, खोल दऱ्या पाहिल्या. पुढे ठेका सुटला, पण डोक्यात साठलेलं रान काही सुटलं नाही. १८८८ मध्ये ‘चंद्रकांता’ प्रसिद्ध होऊ लागली. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता आणि चुनारचा राजा शिवदत्त. नावं पाहा. सगळे गड खरे, नकाशावर बोट ठेवून दाखवता येतील असे.

यातले खरे नायक मात्र ऐयार. ऐयार म्हणजे राजाच्या पदरचा हेर. वेष पालटणारा, बेशुद्ध करणारा आणि लखलखा हुंगवून पुन्हा शुद्धीवर आणणारा. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याला हा माणूस परका वाटत नाही. दुसरी गोष्ट तिलिस्म, म्हणजे आत शिरलेल्याला सहज बाहेर पडता न येणारी भूलभुलैयाची वास्तू. ऐयार आणि तिलिस्म, दोन्ही उर्दू दास्तानांमधून आले. लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातून ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ १८८३ पासून छापलं जात होतं. पण दास्तानांत जादूगार असतात. खत्रींनी जादू काढून टाकली. त्यांच्या तिलिस्मात कळ असते, चक्र असतं, औषधी धूर असतो. वाचक आधी चक्रावतो आणि मग त्याला उलगडा मिळतो. रहस्यकथेचा पाया हाच, नाही का?

आता मुख्य मुद्दा. त्या काळी त्या प्रांतात कोर्टकचेऱ्यांचं काम फारसी लिपीतल्या उर्दूत चाले. नोकरदार, वकील, कारकून ती लिपी वाचत. नागरीसाठी काशीत नागरी प्रचारिणी सभा निघाली १८९३ मध्ये. कचेऱ्यांत नागरीला सरकारी परवानगी मिळाली १९०० मध्ये. ‘चंद्रकांता’ या दोन्हींच्या आधीची. ती छापलेली नागरीत, पण तिची भाषा संस्कृतनं जड झालेली नव्हती. बाजारात, कचेरीत बोलतात ती. म्हणजे उर्दू वाचणाऱ्या माणसाला तिची भाषा आधीच येत होती, अडसर होता तो फक्त अक्षरांचा. काशीतल्या मराठी माणसाचं नेमकं उलटं. बाळबोध त्याला बालपणापासून येई, भाषा मात्र दुसऱ्याची. दोघांनाही एकेकच पायरी चढायची होती. पुढे काय झालं, ही पायरी कशी ओलांडायची, हे सांगायला कोणी शिक्षक लागला नाही. कथेनंच ते काम केलं.

हे मी भक्तिभावानं सांगत नाही. आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी १९२९ च्या आपल्या हिंदी साहित्याच्या इतिहासात मान्य केलं आहे की खत्रींनी जितके वाचक तयार केले तितके दुसऱ्या कुणी केले नाहीत, आणि त्यांना वाचण्यासाठी उर्दूवाले हिंदी शिकले. पण त्याच ठिकाणी शुक्लजी असंही म्हणतात की या कादंबऱ्या साहित्याच्या कोटीत येत नाहीत. कारण त्यांत घटनाच घटना, भाव आणि स्वभावचित्रण नाही. टीका अगदीच खोटी नाही. प्रश्न एवढाच, की वाचकच नसता तर साहित्य कुणासाठी लिहिलं असतं?

खत्रींनी मात्र हात थांबवला नाही. ‘चंद्रकांता संतति’चे २४ भाग लिहिले. १८९८ मध्ये काशीत लहरी प्रेस हा स्वतःचा छापखाना काढला. लेखकही तेच, छापणारेही तेच. १९०० मध्ये गाझीपूर जिल्ह्यातल्या गहमरहून गोपालराम गहमरींनी ‘जासूस’ मासिक सुरू केलं. ऐयाराची जागा घ्यायला गुप्तहेर आला होता. १९१३ मध्ये खत्री गेले तेव्हा ‘भूतनाथ’ अपुरी होती. मुलगा दुर्गाप्रसाद यानं ती पूर्ण केली.

आपल्याकडे काय झालं? खत्री जन्मले त्याच वर्षी, १८६१ मध्ये, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ मध्ये रिसबुडांची ‘मंजुघोषा’. अद्भुताची गोडी मराठीलाही होतीच. विसाव्या शतकात बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड घराघरांत पोचले. गंमत म्हणजे अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत, चंद्रकांत सखाराम चव्हाण. पण अर्नाळकरांचा वाचकही पुस्तक लपवूनच वाचायचा, आणि वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली ती काठावरचीच.

ही मालिका ऐकणारे तुम्ही बडोद्यात आहात, इंदुरात, बेळगावात, बंगळुरात आहात. अनेक घरांत मुलांना मराठी बोललेलं सगळं कळतं, पण ती वाचत नाहीत. आपण त्यांच्या हातात काय देतो? बहुतेकदा थोरामोठ्यांचं, चांगलं, जड पुस्तक. खत्रींचा अनुभव वेगळं सांगतो. घरात कानावर पडते तीच भाषा हवी, आणि पान उलटल्याशिवाय राहवणार नाही अशी गोष्ट हवी. बाकीची पुस्तकं नंतर येतात. अक्षर एकदा डोळ्यांना रुळलं की त्यांची वाटही मोकळी होते.

पुढच्या भागात भेटू.