वॉकर, मोझेस फ्लीटवुड

(७ ऑक्टोबर १८५६–११ मे १९२४). अमेरिकेतील प्रारंभीच्या व्यावसायिक बेसबॉलपटूंपैकी एक कृष्णवर्णीय खेळाडू. आपला वंश न लपविता सर्वोच्च श्रेणीच्या व्यावसायिक संघातून खेळणारा पहिला कृष्णवर्णीय म्हणून तो प्रसिद्ध आहे. पुढे सुमारे सहा दशके श्वेतवर्णीयांच्या व्यावसायिक बेसबॉलचे दरवाजे कृष्णवर्णीयांना बंद राहिले. ही बंदी कशी आकारास आली, याची साक्ष त्याच्या कारकीर्दीत मिळते.

ओहायओ राज्यातील माउंट प्लेझंट येथे जन्म. बालपण जवळच्या स्टूबेनव्हिल येथे गेले. तेथे त्याचे वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. वर्णभेद न मानणाऱ्या ओबर्लिन महाविद्यालयात शिकत असताना १८८१ मध्ये तो महाविद्यालयाच्या बेसबॉल संघातून खेळला. पुढे मिशिगन विद्यापीठात त्याने कायद्याचे शिक्षण घेतले. पण ते पूर्ण केले नाही. १८८१ मध्येच क्लीव्हलंडच्या एका संघाबरोबर लुइव्हिल येथे गेला असता प्रतिपक्षाने हरकत घेतल्यामुळे त्याला खेळता आले नाही.

१८८३ मध्ये वॉकर नॉर्थवेस्टर्न लीगमधील टोलीडो संघात दाखल झाला. कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे राहून पिचरने फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू, ही त्याची जागा होती. त्या काळी कॅचरजवळ आजच्यासारखी संरक्षक साधने नसत व बोटे मोडणे ही नित्याची बाब असे. या मोसमाच्या आरंभीच कृष्णवर्णीयांना लीगमध्ये मज्जाव करण्याचा ठराव पुढे आला. तथापि तो मागे घेण्यात आला. १० ऑगस्ट १८८३ रोजी शिकागो संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी टोलीडो येथे आला, तेव्हा त्याचा कर्णधार एड्रियन ‘कॅप’ ॲन्सन याने वॉकर असल्यास खेळणार नाही, असे बजावले. हाताच्या दुखापतीमुळे वॉकरला त्या दिवशी विश्रांती द्यावयाची होती. परंतु टोलीडोचा व्यवस्थापक चार्ली मॉर्टन याने त्याला मुद्दाम मैदानात उतरविले. न खेळल्यास प्रवेशशुल्काच्या उत्पन्नातील वाटा जाणार, हे लक्षात येताच ॲन्सनला माघार घ्यावी लागली.

१८८४ मध्ये टोलीडो संघास अमेरिकन असोसिएशन या प्रमुख संघटनेत प्रवेश मिळाला. १ मे रोजी वॉकर लुइव्हिलविरुद्ध खेळला. त्या मोसमात तो ४२ सामने खेळला व त्याची फलंदाजीची सरासरी ०·२६३ होती. त्याचा धाकटा भाऊ वेल्डी हाही काही सामन्यांत संघात होता. टोलीडोचा पिचर टोनी मुलेन याने पुढे कबूल केले की, वॉकर हा आपण पाहिलेला सर्वोत्कृष्ट कॅचर होता. पण तो कृष्णवर्णीय असल्यामुळे आपण त्याच्या खुणा न जुमानता मनास येईल तसा चेंडू फेकीत असू. कोणता चेंडू येणार हे ठाऊक नसताना तो उघड्या वा पातळ हातमोज्यांच्या हातांनी झेलणे किती धोक्याचे होते, याची यावरून कल्पना येते. रिचमंड येथे वॉकर खेळल्यास त्याच्यावर जमाव चालून येईल, अशी धमकीही पत्राद्वारे देण्यात आली. दुखापतींमुळे मोसम संपण्यापूर्वीच त्याला संघातून मुक्त करण्यात आले.

नंतर तो दुय्यम लीगांतून खेळत राहिला. १८८७ मध्ये न्यूअर्क संघात जॉर्ज स्टोव्ही हा कृष्णवर्णीय पिचर व वॉकर कॅचर अशी जोडी जमली. १४ जुलै १८८७ रोजी ॲन्सनच्या शिकागो संघाविरुद्धच्या सामन्यातून स्टोव्हीला वगळण्यात आले. त्याच दिवशी बफलो येथे इंटरनॅशनल लीगच्या संघचालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचे सहा विरुद्ध चार मतांनी ठरविले. चार वर्षांपूर्वी पैशापुढे नमलेला आग्रह आता संघटित धोरण बनला होता. १८८८ मध्ये वेल्डीने ‘ट्राय-स्टेट लीग’च्या अध्यक्षास उद्देशून लिहिलेल्या जाहीर पत्रात अशा बंदीचा निषेध केला, पण उपयोग झाला नाही. वॉकर १८८९ पर्यंत सिरॅक्यूस संघात होता. तो गेल्यावर १९४६ मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत इंटरनॅशनल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळला नाही.

त्याचे उत्तरायुष्य चढउतारांचे होते. १८९१ मध्ये सिरॅक्यूस येथे अंगावर आलेल्या एका इसमाचा त्याच्या हातून मृत्यू झाला. श्वेतवर्णीय ज्यूरीने त्याला निर्दोष ठरविले. पुढे टपालातील चोरीच्या आरोपावरून त्याने एक वर्ष तुरुंगवास भोगला. नंतर त्याने कॅडिझ येथे नाट्य-चित्रपटगृह चालविले व चित्रपटाच्या रिळांविषयी काही एकस्वे मिळविली. आवर होम कॉलनी (१९०८) या पुस्तिकेत त्याने अमेरिकेत कृष्णवर्णीयांना समान स्थान मिळण्याची आशा नसल्याने त्यांनी आफ्रिकेत स्थलांतर करावे, असे प्रतिपादन केले. ओबर्लिनमध्ये श्वेतवर्णीयांच्या बरोबरीने शिकलेला व खेळलेला हा मनुष्य या निष्कर्षास यावा, यातच त्याच्या अनुभवाचे सार आहे.

क्लीव्हलंड येथे त्याचे निधन झाले. स्टूबेनव्हिल येथील त्याच्या थडग्यावर अनेक दशके नावाचा दगडही नव्हता. १८७९ मध्ये प्रॉव्हिडन्सतर्फे एकच सामना खेळलेला विल्यम एडवर्ड व्हाइट हा कृष्णवर्णीय मातेचा पुत्र होता, असे अलीकडील संशोधनातून पुढे आले आहे. परंतु तो श्वेतवर्णीय म्हणून वावरला. वर्णाची किंमत उघडपणे मोजून खेळण्याचा पहिला मान मात्र वॉकरकडेच राहतो.